किंवा तत्सम तेल

बोट विकत घेताना तपासनिसांना कुणी काही विचारलं नाही. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी ती विकायला काढली होती. तपासनीस सहज बघायला म्हणून गेले आणि येताना तिचे मालक होऊन आले. एवढं मोठं काम इतकं बिनबोभाट पार पडलं, तेव्हाच खरं तर त्यांनी सावध व्हायला हवं होतं. त्यांच्या घरी साधी खिडकीची कडी बदलायची तरी आधी चर्चा, मग वाद, मग अबोला आणि शेवटी कडी, असा रिवाज होता.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. शाळा तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर हुद्दा गेला, खुर्ची गेली, पण ते बिरूद चिकटून राहिलं, आणि त्याच्याबरोबर सवयही. कुठं भिंतीवर 'येथे थुंकु नये' असं दिसलं, की ते खिशातून तांबडी पेन्सिल काढून उकार दीर्घ करीत आणि मगच पुढे जात. ज्यांना थुंकायचं ते थुंकतच, पण निदान शुद्ध पाटीखाली थुंकत.

बोट होती जेट बोट. लाल रंगाची, आखूड, नाक वर करून बसलेली. हिला मागे पंखा नसतो. पोटाखालून तळ्याचं पाणी ओढून घ्यायचं, मागच्या तोंडाने जोरात फेकायचं आणि त्या धक्क्याने पुढे सुटायचं, असा तिचा खाक्या. तपासनिसांना पोहता येत नव्हतं आणि वेगाची त्यांना लहानपणापासून धास्ती. बोट घेतली ती बायकोसाठी. बाई इस्पितळात परिचारिका होत्या. सगळी इमारत त्यांना 'सिस्टर' म्हणे, रागावलेले असले की तपासनीसही म्हणत. त्यांच्या वॉर्डाच्या खिडकीतून तळं दिसायचं. नोकरीभर त्यांनी ते रोग्यांच्या उशाशी उभं राहून पाहिलं होतं.

"मला एकदा त्या पाण्याच्या मधोमध जाऊन बसायचंय," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "बाकी काही नको."

तपासनिसांनी हे मनावर घेतलं. वीस-पंचवीस वर्षांनी घेतलं, पण घेतलं.

डॉक्टरांनी किल्ली हातात देताना सांगितलं होतं, "तेल तेवढं बदलून घ्या आणि खुशाल फिरवा." सोबत माहितीचं पुस्तकही दिलं. तपासनिसांनी ते घरी आणून, टेबलावरचा पसारा दूर करून, चष्मा पुसून उघडलं. तेलाच्या पानावर लिहिलं होतं: 'इंजिनात बोटींसाठी बनवलेले उत्तम प्रतीचे सिंथेटिक तेल वापरावे, किंवा तत्सम.'

तुम्ही-आम्ही हे वाक्य वाचलं असतं आणि दुकान गाठलं असतं. तपासनीस 'किंवा तत्सम'पाशी थांबले ते थांबलेच.

"तत्सम म्हणजे काय?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"त्याच्यासारखंच," सिस्टर आतून म्हणाल्या.

"त्याच्यासारखं नव्हे, तंतोतंत तेच! आणि तंतोतंत तेच असेल तर मग 'किंवा' कशाला? आणि थोडाफार फरक पडत असेल, तर ते तत्सम नाही, तद्भव झालं. तद्भव तेल इंजिनाला चालेल असं यात कुठं म्हटलंय?"

"अहो, दुकानात जा. बोटीचं तेल द्या म्हणा. तो देईल."

"तो देईल!" तपासनीस कडवट हसले. "तो तर देईलच. त्याचं काय जातंय?"

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत डबे. निळे, काळे, सोनेरी. कुणावर धावता घोडा, कुणावर वीज, एकावर तर चक्क हसणारं कुटुंब. दुकानदार पेपर वाचत होता.

"सिंथेटिक तेल हवंय," तपासनीस म्हणाले.

"गाडी कुठली?"

"गाडी नाही, बोट."

"किती चाललीय?"

"अजून कुठं चाललीय? तेल घातल्यावर चालेल."

दुकानदाराने पेपरची घडी केली. असली गिऱ्हाइकं तो वासावरून ओळखत असावा. त्याने एक डबा पुढे केला. तपासनिसांनी तो मागून, पुढून, बुडाकडून वाचला आणि विचारलं, "यावर 'संपूर्ण सिंथेटिक' लिहिलंय. त्यावर नुसतंच 'सिंथेटिक' लिहिलंय. म्हणजे ते अपूर्ण का?"

"दोन्ही चांगली आहेत, साहेब."

"आणि हे 'सिंथेटिक तंत्रज्ञानयुक्त'?"

"तेही चांगलंय."

"मग वाईट कुठलं?"

दुकानदाराने पेपर पुन्हा उलगडला. तपासनिसांनी दोन-तीन डब्यांवरचं शुद्धलेखन सुधारलं, तिसऱ्यांदा येऊन तेच डबे पुन्हा उतरवायला लावले, तेव्हा मात्र तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्हाला तेल घ्यायचंय की तेलाची परीक्षा घ्यायचीय?" आणि पिच्छा सुटावा म्हणून त्याने तीन तेलांचे नमुने छोट्या बाटल्यांत भरून त्यांच्या हवाली केले.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर कर्नल राहत. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते विमा कचेरीत होते. पण त्यांच्या मिशांना दुसरा कुठलाच हुद्दा शोभत नसल्यामुळे लोकांनी परस्पर ही नेमणूक केली होती आणि कर्नलनी ती कर्तव्य म्हणून स्वीकारली होती.

"सिंथेटिक?" कर्नल दारातूनच गरजले. "अजिबात घालू नका! पातळ असतं ते. माझ्या स्कूटरला एकदा घातलं, महिन्याभरात स्कूटर गेली."

"इंजिन गेलं?"

"चोरीला गेली. पण चालत होती पातळच."

जावई दूरच्या शहरात संगणकावर काहीतरी करायचा. त्याने फोनवर नेमकं उलट सांगितलं. "बाबा, सिंथेटिकच घ्या. जेट बोटीचं इंजिन सतत फार वेगाने फिरतं, तापतं फार. आणि बोटीचंच घ्या, मोटारीचं नको. त्यात गंज धरू नये म्हणून काही काही घातलेलं असतं."

हे इतकं सरळ आणि समंजस होतं, की तपासनिसांना ते पटणं शक्य नव्हतं. जावयाचं पहिल्या फटक्यात मान्य करायचं, तर सासरा होण्यात अर्थ काय? तेव्हा जावयाने सुटका म्हणून त्यांना फोनवरच्या एका बोटप्रेमी मंडळात भरती करून दिलं.

तपासनिसांनी तिथं आपला प्रश्न मुद्दा अ, मुद्दा ब आणि उपप्रश्न अशा रीतीने मांडला. उत्तरं पटापट आली. एकाने लिहिलं, सिंथेटिकशिवाय पर्याय नाही. दुसऱ्याने लिहिलं, सिंथेटिक हा कंपन्यांचा कट आहे. तिसऱ्याने आपल्या बोटीचा, बायकोचा आणि सूर्यास्ताचा फोटो टाकला. चौथ्याने फक्त लिहिलं, 'काका, आधी जुने मेसेज वाचा.'

त्या 'काका'ने तपासनिसांच्या जिव्हारी घाव घातला. ज्यांना पाहून मुख्याध्यापकांच्या हातातली छडी गळून पडायची, ते आज कुणा ऐऱ्यागैऱ्याचे काका झाले होते. त्यांनी जुने मेसेज वाचले. सगळे वाचले. त्यातल्या 'सिंथेटीक', 'ईंजीन' आणि 'पावूस' या चुका दुरुस्त करून, ज्याची त्याला परत पाठवल्या. संध्याकाळपर्यंत मंडळात ऱ्हस्व-दीर्घवाले आणि तेलवाले असे दोन तट पडून हमरीतुमरी सुरू झाली आणि मंडळाच्या चालकाने तपासनिसांना काढून टाकलं. त्यांनी आपल्या कारकिर्दीत कित्येकांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. स्वतः वर्गाबाहेर जायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"अहो, निघायचं का मग या रविवारी?" सिस्टरनी विचारलं. त्यांनी रुंद काठाची टोपी आणून ठेवली होती.

"तेलाचा निकाल लागू दे."

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं नाही. टोपी घातली आणि कर्नलीणबाईंबरोबर धक्क्यावर फिरायला गेल्या. परतल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि गाल लाल झाले होते. तपासनीस नमुन्याची बाटली उजेडात धरून बसले होते, त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

त्यांच्या डोक्यात आता प्रयोग शिरला होता. थंडीत तेल किती पातळ राहतं यावर म्हणे सगळं अवलंबून. त्यांनी मुरंब्याच्या तीन रिकाम्या बरण्यांत तीन नमुने ओतले, बरण्यांवर आणि रिकाम्या बाटल्यांवरही अ, ब, क अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि बरण्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल आले ते पाव घेऊनच आले. कर्नलीणबाई पहाटेच बाहेर पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे पावाला लावायला काही सापडलं नव्हतं. इमारतीत इतका घरोबा होता, की कुणी कुणाच्या फ्रिजची परवानगी घेत नसे. तपासनीस दाढी करत होते. त्यांना फक्त बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कर्नलचा.

"तपासनीस! हा मध कुठून आणलात?"

तपासनीस अर्ध्या दाढीचा फेस घेऊन धावले. कर्नल ब बरणीसमोर उभे होते. चेहऱ्यावर विचार दिसत होता, ओठांवर चकाकी.

"थुंका! तेल आहे ते!"

कर्नलनी मोरीपर्यंत धाव घेतली, यथासांग थुंकले, मिशा धुतल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना वळून म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो ना? पातळ आहे!"

तेवढ्यात सिस्टर बाहेरून आल्या. पाहताक्षणी त्यांच्यातली परिचारिका जागी झाली.

"किती खाल्लंत?"

"बोटभर," कर्नल क्षीण आवाजात म्हणाले.

"बोटभर?" तपासनीस दचकले. बोटीत चांगलं चार-पाच लिटर तेल मावतं, हे त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

"तुम्ही गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कर्नलची जीभ पाहिली, चुळा भरायला लावल्या, ओकारी काढू नका म्हणून बजावलं आणि आपल्या जुन्या इस्पितळात फोन करून खात्री करून घेतली. कर्नलना काही झालं नाही. दिवसभर ते आपल्या अंगात कसा हलकेपणा आला आहे हे जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

फोन ठेवून सिस्टर फ्रिजकडे गेल्या. अ आणि ब बरण्या उचलून त्यांनी बाहेर ठेवल्या. क बरणी तपासनिसांच्या हातात दिली.

"हे घ्या."

"कशावरून?"

"दुकानदाराने बाटलीवर स्वतः लिहिलंय, 'बोटीचं.' तुम्ही त्याच्यावर क चिकटवलात."

तपासनिसांनी रिकामी क बाटली शोधून चिठ्ठी सोलली. खाली खरंच लिहिलेलं होतं, दुकानदाराच्या बटबटीत अक्षरात. मग घसा साफ करून म्हणाले, "सर्व बाबींचा साकल्याने विचार करता, मीही हळूहळू याच निष्कर्षाप्रत येत होतो."

तेल आलं. कर्नलच्या मदतीने त्यांनी हातपंपाने जुनं तेल डब्यात ओढलं आणि नवं मोजून भरलं. जुनं तेल काळंभोर होतं. नवं इतकं नितळ, की तपासनिसांना ते इंजिनात ओतताना वाईट वाटलं. आता फक्त जलाशय कार्यालयाचा परवाना राहिला होता.

हे कार्यालय पाण्यापासून इतकं लांब होतं, की तिथल्या कारकुनाने तळं पाहिलं असेल की नाही अशी शंका यावी. त्याने तपासनिसांचा अर्ज सावकाश वाचला. तपासनिसांना ते वाचणं ओळखीचं वाटलं. नाक कागदाला टेकवून, ओठ किंचित मुरडून, चूक सापडलीच पाहिजे अशा निर्धाराने वाचणारा माणूस त्यांना आजवर फक्त आरशात भेटला होता.

"तेल कुठल्या प्रतीचं?" कारकुनाने विचारलं.

"सागरी प्रतीचं. खास बोटींचं."

"इथं सागर कुठाय?"

"अहो, डब्यावर तसंच लिहितात."

"आमच्या नियमात लिहिलंय 'जलाशय प्रतीचे.' तुम्ही लिहिलंय 'सागरी.' नामंजूर होणार."

"जलाशय प्रतीचं तेल जगात कुठं मिळत नाही!"

"ते मला सांगून काय उपयोग? नियम मी केलाय का?" कारकून म्हणाला. पण माणूस दुष्ट नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "एक करा. 'जलाशय प्रतीचे' लिहा, आणि पुढे लिहा, 'किंवा तत्सम.' मग मला काही अडचण नाही."

तपासनीस ताठ उभे राहिले. पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. पाठीमागे रांग होती, रांगेत माणसं चुळबुळत होती, आणि हातातला जुन्या तेलाचा डबा जड होत चालला होता. तोही त्यांनी पुरावा म्हणून बरोबर आणला होता.

"हे शब्द मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "त्यांना अर्थ नाही."

"अर्थ असता तर तुमचं काम झालं असतं का?" कारकुनाने विचारलं. "आणि जुन्या तेलाचं काय केलंत?"

"हे काय," असं म्हणून तपासनिसांनी डबा टेबलावर ठेवला. तो बुडाशी गळत होता. कारकुनाच्या हिरव्या कापडावर एक काळं वर्तुळ उमटलं आणि शांतपणे मोठं होऊ लागलं. ते एका फायलीच्या दिशेने निघालं होतं.

"उचला! आधी उचला! तेलाच्या दुकानात पिंप असतं, त्यात नेऊन ओता! आणि लिहा ते लवकर!"

तपासनिसांनी एका हाताने डबा उचलला आणि दुसऱ्या हाताने, मान वळवून, अर्जावर 'किंवा तत्सम' असं लिहिलं. अक्षर मुद्दाम वाईट काढलं. कुणी पाहिलंच तर त्यांचं वाटू नये म्हणून. शिक्का बसला. बाहेर आल्यावर ते पायरीवर टेकले.

रविवार उजाडला. तपासनिसांनी इस्त्रीची पांढरी पँट घातली.

"चल," ते म्हणाले. "आज तुला मधोमध नेतो."

सिस्टरनी टोपी डोक्यावर दाबली. "तुम्ही व्हा पुढे. आमचं ठरलंय आज. कर्नलीणबाई खाली थांबल्यात."

"कसलं ठरलंय?"

"वल्हवायचं. अहो, धक्क्यावर होडी मिळते ना भाड्याने. आम्ही रोज सकाळी जातो. तुम्हाला सांगितलं होतं की."

सांगितलं असणारच. तपासनिसांना आठवलं, की कधीतरी ती काहीतरी सांगत होती आणि आपण हं हं म्हणत डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होतो. 

"म्हणजे तू जाऊन आलीस? मध्यभागी?"

"कितीदा तरी," त्या म्हणाल्या, आणि ओशाळल्या. "तुमचं तेलाचं चाललं होतं. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा."

त्या गेल्या. तपासनीस पांढऱ्या पँटमध्ये दाराशी उभे होते. बायको आपल्यावर चिडली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. ती चिडली नव्हती, आणि ते त्यांना खटकत होतं. पण बोट धक्क्याला लागली होती, कर्नल दुर्बीण गळ्यात घालून हजर होते, आणि आता मागे हटणं म्हणजे इमारतीत तोंड दाखवायला जागा नाही.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काय तो आवाज! एकसंध, गोड, तुपासारखा. धक्क्यावरची माणसं वळून पाहू लागली. तपासनिसांची छाती भरून आली. त्यांनी वेगाची मूठ पुढे ढकलली, बोट उसळली, कर्नलची टोपी पाण्यात गेली, आणि दोघेही डोळे मिटून तळ्यात शिरले.

डोळे उघडे असते, तर समोरचं हिरवं गवत दिसलं असतं. पाण्याखाली वाढलेलं, लांबलचक, गुंतलेलं. बोटीने ते पोटाखालच्या तोंडाने ओढून घेतलं, एकदा ठसकली आणि थांबली. इंजिन मात्र थांबलं नाही. ते तसंच गात राहिलं. तपासनिसांनी मूठ पुढे केली. इंजिन आणखी सुरात आलं, बोट जागची हलली नाही. जेट बोट गवतात नेऊ नये, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं. तेलाच्या पुढच्याच पानावर. त्या पानापर्यंत तपासनीस पोहोचले नव्हते.

"तेल पातळ," कर्नल म्हणाले.

तपासनिसांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता पसरली. किनाऱ्यावर माणसं हातांचा आडोसा करून बघत होती, आणि त्यांतला निळा सदरा तेलाच्या दुकानदाराचा असावा असा तपासनिसांना दाट संशय आला. ते आसनावर खाली खाली सरकले. मग पाण्यावरून एक कुरकुरता आवाज आला. संथ, ठरावीक अंतराने.

होडी वळसा घालून आली. सिस्टरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या होत्या. त्यांनी दोर फेकला तो थेट कर्नलच्या मांडीवर.

"लागलं नाही ना कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग इकडे या. कर्नलना तिथंच बसू द्या. सांभाळून. आधी तो पाय."

तपासनीस ओल्या पँटने होडीत उतरले आणि मागच्या फळीवर, बायकोच्या अगदी समोर बसले. दोघी वल्ही मारू लागल्या. दोर ताणला, लाल बोट गवतातून सुटून हळूहळू मागे येऊ लागली. सिस्टरचा श्वास एका लयीत चालला होता. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर असा आनंद, की तो तपासनिसांनी आजवर कधी तपासलाच नव्हता.

त्यांना वाटलं, माफी मागावी. पण दर वेळी वल्हं फिरलं, की होडीच्या कडेची लोखंडी खोबण कुरकुरत होती.

"या खोबणीत तेल घालता की नाही?" त्यांनी विचारलं.

"घालते ना. अधूनमधून."

"कुठलं?"

"शिवणयंत्राचं."

तपासनिसांनी मान हलवली. मग राहवेना.

"प्रत कुठली?"

"उरलेलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आता हलू नका, होडी डुचमळते."

तपासनीस हलले नाहीत. धक्का येईपर्यंत ते बायकोकडे बघत, गुडघे जुळवून, अगदी शहाण्यासारखे बसून होते.